हा मुखरू आहे का?

१

त्या सॉफ्टवेअरचं मराठी ज्याने कोणी केलं, त्याला एकदा चामोर्शीला बोलावून समोर बसवायची माझी फार इच्छा होती. 'सेटिंग' हा शब्द माझ्या आईलाही कळतो. त्याने लिहिलं होतं 'प्राधान्ये'. प्राधान्ये उघडा, मग 'प्रगत', मग 'व्यक्ती ओळख', मग एक लहानशी चौकट. त्या चौकटीतली टिक काढायची, 'जतन करा' दाबायचं, खिडकी बंद करायची. आणि दुसऱ्या दिवशी साडेदहाला ऑफिस उघडून पाहायचं, तर टिक परत जागेवर.

सलग नऊ दिवस मी ती टिक काढत होते.

आमची संस्था लहान. कोसमटोल्याच्या मागच्या जंगलात आमचे वीस कॅमेरे होते, सागाच्या बुंध्यांना गुडघ्याइतक्या उंचीवर पट्ट्याने बांधलेले. समोर काही हललं की फोटो निघतो. मजूर दर आठवड्याला कॅमेऱ्यातली कार्डं काढून आणायचे आणि मी ती कॉम्प्युटरला लावून वाघ, अस्वल, रानडुक्कर, गावची गुरं असं वेगळं करायचे. चामोर्शीतलं ऑफिस म्हणजे बी-बियाण्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खालून खताचा वास वर येई. बाहेर ऑगस्टचा पाऊस, आत उडदाच्या पापडासारख्या फुगलेल्या फायली.

शंभरातले सत्तर फोटो रिकामे असतात. वाऱ्याने गवत हललं तरी कॅमेरा फोटो काढतो. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये 'रिकामे फोटो लपवा' अशीही एक सोय होती, आणि ती बरी चालत होती. पण जुलैपासून काही रिकामे फोटो ते लपवेना. ते त्यांना 'व्यक्ती'च्या फोल्डरमध्ये टाकायचं. मी उघडून पाहायचे. झाडं, पाला, ओला उजेड. माणूस काय, माणसाची सावलीही नाही.

"सर, हे चुकीचं दाखवून राह्यलं," मी दिनेश सरांना फोनवर सांगितलं. ते आमचे प्रकल्प अधिकारी, महिन्यातले वीस दिवस नागपुरात.

"अगं मग सेटिंग बदल ना, रंजीता."

"बदलली. ते परत होते."

"परत होते म्हणजे? नीट बदल. तीस तारखेला रिपोर्ट जायचाय. एवढी माणसं जंगलात कोण फिरतात म्हणून मला विचारतील वरून."

फोन ठेवला आणि मी पुन्हा प्राधान्ये उघडली.

२

दहाव्या दिवशी सॉफ्टवेअरने प्रश्न विचारला.

कॅमेरा एकोणीसचा फोटो होता. हा कॅमेरा सगळ्यात आतला, गावापासून चालत तीन तास. वेळ दुपारची, अकरा वाजून चाळीस मिनिटं. रिकाम्या फोटोवर पिवळ्या रेषेची उभी चौकट, माणसाएवढी, आणि तिच्याखाली ओळ: 'हा मुखरू आहे का?' शेजारी दोन बटणं. होय. नाही.

मी पटकन 'नाही' दाबलं. गॅसवरच्या भांड्याला चुकून हात लागावा आणि मागे यावा, तसं.

त्याला नाव माहीत असण्यात नवल काही नव्हतं. कॅमेरा लावणारा मजूर स्वतःच पहिल्या फोटोत येतो. त्याला परका समजू नये म्हणून मीच मार्चमध्ये पाचही मजुरांचे चेहरे आणि नावं त्या सॉफ्टवेअरमध्ये भरली होती. त्यात मुखरू मडावी होता. कोसमटोल्याचा. बोलायला कमी, चालायला भारी. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी तो जंगलात गेला आणि परत आला नाही. अकरा दिवस शोधाशोध झाली. पायातली चप्पलसुद्धा मिळाली नाही.

मी आमचं कॉम्प्युटरचं काम पाहणाऱ्या पवनला बल्लारपूरला फोन लावला.

"मॅडम, काही नाई होत. जुनी माहिती साचून राह्यते त्याच्यात. ती साफ करा."

"कशी?"

"प्राधान्यांत जा."

"प्राधान्यांतच बसून आहे मी दहा दिवसांपासून, पवनभाऊ."

त्याने सांगितलं तसं सगळं केलं. जुनी माहिती पुसली. मुखरूचं नाव यादीतून काढलं, चेहराही काढला. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला.

'हा मुखरू आहे का?'

नाही. पुढचा फोटो. नाही. पुढचा. नाही. त्या दुपारी मी चौदा वेळा नाही म्हटलं. शेवटी शेवटी मला त्या यंत्राचा इतका राग आला, की माऊस टेबलावर आपटला आणि खालून दुकानदाराने "काय पडलं वो?" म्हणून विचारलं.

३

बाजाराच्या दिवशी बुधरीबाई यायची. मुखरूची बायको. कोसमटोल्यावरून काही विकायला आणायची, ते विकून जिना चढून वर यायची, आणि दाराशी चपला काढून उभी राहायची. मी कितीदा म्हटलं तरी खुर्चीवर बसत नसे.

"चिठ्ठी झाली का बाई?"

"नाई झाली अजून."

"काऊन?"

"सर म्हणतात रविवार होता. रविवारी कामावर कोणीच नसते."

"तो तं कामावरच गेला होता," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "कार्डं आणतो म्हणून सांगून गेला. तुमची ते पिशवी नेली. सेल नेले."

मी स्क्रीनकडे पाहत राहिले.

"लोक म्हणतात, तेलंगणात पळाला. मिरची तोडाले गेला अन् तिथीच दुसरी केली. आता सासूबी तेच म्हणते. पोट्टीच्या शाळेत बी तेच बोलतात." तिने पदराने तोंड पुसलं. "मले दुसरं काही नाई पाह्यजे. तो कामावर होता, एवढंच ल्याहून द्या. म्या दाखवीन लोकायले."

"मी सरांले पुन्हा सांगते."

"तुमी दर वेळी सांगता न बाई."

ती गेली. तिच्या ओल्या पावलांचे ठसे दाराशी बराच वेळ होते.

हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. त्या शनिवारी संध्याकाळी मीच मुखरूभाऊला मोबाइलवर बोलून मेसेज पाठवला होता. 'भाऊ, उद्या रविवार आहे, पण तेवढी कार्डं आणून द्या. सोमवारी रिपोर्ट जायचा आहे.' त्यावर त्याचा एका शब्दाचा निरोप आला होता. 'हो.' तो हरवल्यावर दिनेश सर स्वतः चामोर्शीला आले, माझ्या समोर बसले आणि म्हणाले, "तो मेसेज काढून टाक. संस्था बुडेल. पाच घरं चालतात हिच्यावर, तुझंही." मी काढून टाकला. त्या वेळी ते सोपं वाटलं. एकदा दाबलं की झालं.

४

तीन-चार दिवसांनी नवी कार्डं आली. एकोणीसवर प्रश्न बंद झाला होता. आता तो सतरावर होता. नंतर बारावर. मग नऊवर.

मी भिंतीवरच्या नकाशाजवळ जाऊन उभी राहिले आणि लगेच परत येऊन बसले. नकाशात काय पाहायचं ते मला माहीत होतं. एकोणीस, सतरा, बारा, नऊ हा मजुरांच्या परतीचा रस्ता. कार्डं गोळा करत माणूस घरी येतो तो असाच येतो.

पण माणूस तीन तासांत येतो. याला तीन आठवडे लागले होते. आणि कोण 'हा'? फोटो रिकामे होते. मी स्वतःवर चिडले. बीएस्सी केलेली बाई, सॉफ्टवेअरच्या बिघाडात माणसाची चाल शोधतेय. वाऱ्याची दिशा बदलली असेल. त्या बाजूचं गवत वाढलं असेल. शंभर कारणं.

म्हणून मी नऊ नंबरचा फोटो मोठा करून पाहिला. चौकटीत गवत आहे हे स्वतःला दाखवायला, म्हणजे प्रश्न मिटेल.

चौकटीबाहेर ऑगस्ट होता. सागाची पानं सुपाएवढी, हिरवीगार, टोकांवरून पाणी गळत असलेली. वर पांढरा फुलोरा. खाली चिखल आणि रोपटी.

चौकटीत एकही पान नव्हतं.

त्या उभ्या पट्ट्यात सागाच्या फांद्या उघड्या होत्या. जमिनीवर वाळका पाला, कडक, तांबूस. उजेड पांढरा, उन्हाळ्याचा. पट्ट्याच्या कडेला एक हिरवं पान अर्धं दिसत होतं आणि तिथेच कापल्यासारखं संपत होतं. तो पट्टा सरळ नव्हता. वर थोडा अरुंद, मग रुंद, खाली पुन्हा दोन भागांत गेलेला.

मी खुर्ची मागे सरकवली. ती फरशीवर करकरली आणि माझीच मला भीती वाटली.

पवनला फोन केला. "जुन्या फोटोचा तुकडा नव्या फोटोत येऊ शकते का?"

"येते न. कार्ड खराब झालं की येते. एप्रिलचा फोटो नीट पुसला नसन, तं त्याचा तुकडा राह्यते."

मला इतकं हायसं वाटलं की मी त्याला दोनदा थँक्यू म्हटलं. मग कार्डाचं पाकीट पाहिलं. त्यावर माझ्याच अक्षरात तारीख होती. ती कार्डं जुलैत नवी कोरी घेतलेली होती. एप्रिल त्यांनी पाहिलाच नव्हता.

मी एकोणीस, सतरा, बाराचे फोटो पुन्हा उघडून पाहिले नाहीत. 'व्यक्ती ओळख'ची टिक काढली. जतन केलं. ती पुन्हा येणार हे ठाऊक असूनही केलं.

५

तीन नंबरचा कॅमेरा कोसमटोल्याच्या मागे, बुधरीबाईच्या परसापासून पन्नास पावलांवर. धान रोवण्याचे दिवस, एकही मजूर रिकामा नव्हता. दिनेश सर म्हणाले, "मग तूच जा. रिपोर्टला सहा दिवस राहिलेत." मी स्कूटी काढली. सकाळी उशिराच निघाले, पोचले तेव्हा बारा वाजत आले होते.

कार्ड काढलं, खिशात टाकलं. तिथे पाहण्यासारखं काही नव्हतं आणि मी पाहतही नव्हते. तेवढ्यात पाऊस असा कोसळला, की समोरचं झाड दिसेना. मी धावत बुधरीबाईच्या दारात शिरले.

ती घरातच होती. झाडत होती.

"या बाई. बसा. पार भिजल्या तुमी."

घर लहान, शेणाने सारवलेलं, दोन दारांचं. पुढचं दार रस्त्याकडे, मागचं परसात. कोपऱ्यात तिने झाडून केलेला ढीग होता. सागाच्या पानांचा. मी त्याकडे पाहिलं आणि माझे दात एकमेकांवर बसले. वाळलेली पानं. बोट लावलं तर चुरा होतील अशी. पंधरा दिवसांपासून त्या टोल्यावर धड ऊन पडलं नव्हतं.

"हा पाला कुठून आणला?"

"म्या नाई आणला. रोज झाडतो, रोज राह्यते." तिने खराटा भिंतीला टेकवला. "चार दिवस झाले. मागच्या दारातून येते."

छपरावर पाऊस एवढा मोठा होता की बोलायला जवळ सरकावं लागत होतं. मी सरकले. आणि मला काय झालं ते सांगता येत नाही. चार महिने तोंडात धरून ठेवलेलं सगळं बाहेर पडलं. शनिवारचा मेसेज. त्याचं 'हो'. सरांचं सांगणं. मी पुसलं ते. आणि मग, तिला कळेल न कळेल याचा विचार न करता, कॉम्प्युटरचंही सांगितलं. की तो विचारतो, हा मुखरू आहे का. आणि मी नाही म्हणते.

ती ओरडेल, रडेल असं वाटलं होतं. तिने फक्त विचारलं, "किती वेळा म्हटलं नाई?"

"खूपदा. मोजलं नाई."

"मले चिठ्ठीले नाई. तो घरी येऊन राह्यला तरी त्याले नाई." ती माझ्याकडे पाहत होती. "होय म्हटलं तं तुमचं काय जाते बाई?"



तेव्हा परसातून आवाज आला. कुरकुर. थांबला. पुन्हा कुरकुर. वाळक्या पाल्यावर पाय पडतो तसा. बाहेर पाण्याचे लोट वाहत होते, पाऊल पडलं तर पचपच व्हायला हवं होतं. मी मनात म्हटलं, शेळी असेल. कोणी तरी बांबूचे तट्टे ओढत असेल. बुधरीबाई उठली आणि भिंतीला लावलेली खाट तिने आडवी केली. त्यावरची चादर हाताने सारखी केली. पाहुणा यायच्या आधी करतात तसं.

मागच्या दारात पाऊस होता. हिरवी परसबाग, भोपळ्याचा वेल, राखाडी पाणी. त्या सगळ्याच्या मधोमध, दारापासून चार हातांवर, पाऊस नसलेली एक जागा होती. माणसाएवढी. तिच्यातून पांढरं ऊन दिसत होतं आणि उघड्या फांद्या. ती पुढे आली. दाराची चौकट ठेंगणी होती. तिथे ती जागा वरून वाकली. उंच माणूस डोकं वाचवायला वाकतो, तशी.

मी डोळे मिटले. चेहऱ्यावर एप्रिलची झळ आली. मोहाच्या सुकलेल्या फुलांचा वास आला. कुरकुर माझ्या पायांपाशी येऊन थांबली.

बुधरीबाई गोंडीत दोन शब्द बोलली. बाहेरून आलेल्या माणसाशी बोलतात तशा सुरात. मग बराच वेळ काही नाही. मग माझ्या खांद्यावर तिचा हात पडला, थंड आणि ओला, आणि मला तो हात तिचा आहे याचं केवढं बरं वाटलं.

"घरात थांबत नाई तो," ती म्हणाली. "चार दिवस पाहून राह्यली म्या. म्या खाट टाकतो, तो बसत नाई. तुमच्या कामाले गेला होता, तुमच्यापाशीच यीन." तिने खराटा उचलला. "घेऊन जा त्याले. काम संपवा अन् घरी पाठवून द्या."

६

मी धो धो पावसात निघाले. थांबायचं धाडस नव्हतं. रेनकोट ऑफिसात राहिला होता. कोसमटोल्याच्या नाल्यापर्यंत पोचेस्तोवर ओढणी, कुर्ता, मांड्या, बूट सगळं चिंब झालं. पाणी हनुवटीवरून धार लागून गळत होतं.

पाठ कोरडी होती.

आधी लक्षात आलं नाही. पुलावर कळलं. मानेपासून कमरेपर्यंत पाठीला एक थेंब लागत नव्हता. कापड गरम होत होतं, दुपारच्या उन्हात वाळत घातल्यासारखं. खड्ड्यात स्कूटी आदळली तेव्हा मागचं चाक दोघांच्या वजनाने दबतं तसं दबलं. मी आरसा हाताने वळवून खाली केला आणि समोरच्या रस्त्याकडे पाहत राहिले. अठ्ठावीस किलोमीटर.

दिनेश सर ऑफिसात आले होते. माझ्या खुर्चीवर बसून माऊस दाबत होते.

"रंजीता, हे काय चालू आहे? मी तीनदा बंद केलं. पुन्हा विचारतं. या सॉफ्टवेअरचं डोकं फिरलंय का?"

स्क्रीनवर नऊ नंबरच्या फोटोवर पिवळी चौकट होती. मी त्यांच्या हाताखालून माऊस घेतला आणि 'होय' दाबलं.

प्रश्न गेला. मी प्राधान्ये उघडली. टिक काढलेलीच होती.

मग संस्थेचा कागद घेतला आणि पेनाने लिहिलं. श्री. मुखरू मडावी हे एप्रिलच्या शेवटच्या रविवारी संस्थेच्या कामावर होते. त्यांना मी बोलावलं होतं. खाली माझं नाव, सही, शिक्का.

"हे काय करतेस? तुला अधिकार आहे का सही करायचा?" सर उभे राहिले. "पोलीस येतील. सगळे बुडू. आधी तो कागद इकडे दे."

"नाई देत, सर."

ते माझ्या अंगावर आले आणि एकदम थांबले. त्यांनी कॉलर सैल केली. "एवढं गरम का होतंय इथे?" असं काहीसं पुटपुटले, माझ्या मागे पाहिलं, आणि बॅग उचलून निघून गेले. जिना उतरताना ते पळत होते.

दुसऱ्या दिवशी चिठ्ठी बुधरीबाईला मिळाली. सरपंचाने ती सगळ्यांसमोर वाचली म्हणतात. महिनाअखेर मला कामावरून काढलं. पोलिसांनी दोनदा बोलावलं, जे खरं ते मी सांगितलं. ते सगळं नंतरचं.

त्या दुपारी मी ऑफिसात एकटी उरले. खाली दुकानात कोणी तरी युरियाबद्दल विचारत होतं. माझी पाठ अजून उबदार होती. मी कॉम्प्युटर बंद केला, सहीचा कागद घडी करून पिशवीत ठेवला आणि मागे न वळता, जमेल तितक्या साध्या आवाजात म्हटलं, "काम झालं, मुखरूभाऊ. आता घरी जा."

मग मी कान देऊन बसले. पाऊस थांबला. दुकानातलं गिऱ्हाईक गेलं. अंधारून यायला लागलं तरी बसले.

जिन्यावरून कोणीही खाली उतरलं नाही.